दोन शेपट्यांचं निशाण

रविवारी काय करायचं नाही याची देवानं दिलेली यादी उंटरडोलेन गावापुरती जरा आखूड पडली होती. ती ओटिली गुटब्रोटबाईंनी पुरी केली. गवत कापायचं नाही. खिळा ठोकायचा नाही. गाडी धुवायची नाही, सतरंजी झटकायची नाही, रिकाम्या बाटल्या खणखणवत नेऊन टाकायच्या नाहीत. आणि सगळ्यांत मोठं पाप म्हणजे घराबाहेर दोरीवर कपडे वाळत घालणं. तसं हे सगळं गावाला आधीपासून ठाऊक होतं, आसपासच्या गावांतही हाच रिवाज होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि गुटब्रोटबाईंची चिठ्ठी येणं वेगळं.

चिठ्ठी तपकिरी कागदाची, पेन्सिलीनं लिहिलेली, दोन ओळींची. खाली सही पुऱ्या नावानिशी, कारण निनावी चिठ्ठ्या भित्रे लोक लिहितात असं बाईंचं मत होतं. कुणाच्या दाराच्या फटीत खोचलेली, कुणाच्या गवत कापायच्या यंत्राला बांधलेली. एक तर थेट मेयरसाहेबांना आली होती, रविवारी सकाळी अंगणात शीळ घातल्याबद्दल. त्यांनी शीळ सोडली ती कायमची सोडली.

बाई एकसष्ट वर्षांच्या, हाडाच्या काटक, आणि डोलेनबुर्ग किल्ल्याच्या रखवालदार. गावाच्या डोक्यावर, कड्याच्या टोकाला हा सातशे वर्षांचा किल्ला उभा आहे. त्याच्या दरवाजावरच्या दोन खोल्यांत बाई राहत. मंगळवार ते शनिवार पाहुण्यांना किल्ला दाखवायचा, डोमकावळ्यांना हाकलायचं, आणि रविवारी व सणावारी सकाळी नऊच्या ठोक्याला बुरुजावर किल्ला-मंडळाचा झेंडा चढवायचा, हे त्यांचं काम. नवरा गोटहिल्फ होता तोवर तो हे करायचा. तो गेल्यावर मंडळानं किल्ल्या बाईंकडे दिल्या. दुसरं कुणी तिथं राहायला तयारच नव्हतं, इतकं ते ठिकाण थंड.

थंड म्हणजे किती, तर मे महिन्यातही तळघराची माहिती सांगताना बाईंच्या तोंडातून वाफ निघायची आणि पाहुण्यांना वाटायचं, बाई भुताची गोष्ट रंगवून सांगतायत. आता आपण बाईंच्या गुपिताशी येऊन पोचलो. गोटहिल्फच्या मागे एक भिंतीवरचं घड्याळ, एक पाइप आणि लोकरीच्या तीन लांब चड्ड्या राहिल्या होत्या. घोट्यापर्यंतच्या, कमरेला चार बटणांच्या. पहिल्या हिवाळ्यात बाईंनी त्यातली एक घागऱ्याखाली चढवली. आधी थंडीनं, मग सवयीनं, आणि खरं सांगायचं तर मायेनं. चड्डी अंगात असली की गोटहिल्फ कुठेतरी जवळपासच आहे असं वाटायचं, आणि तो हयात असताना बडबड करायचा तशी करत नाही, हेही बरं वाटायचं.

अकरा वर्षांत दोन चड्ड्या झिजून गेल्या. उरली एक. तिच्या डाव्या गुडघ्यावर गोटहिल्फच्याच चौकटीच्या शर्टाचं ठिगळ. एकच असल्यामुळे ती आठवडाभर अंगावर, शनिवारी पाण्यात आणि मग वाळवायची कुठं, हा प्रश्न. खोलीत वाळवली तर तिला अळंबीचा वास यायचा. बाहेर वाळवावी तर मंगळवारपासून पाहुणे, आणि सोमवारी मागच्या रानात लाकूडतोडे. जगाला सोवळं शिकवणाऱ्या विधवेच्या दोरीवर पुरुषाची चड्डी! गावाला वर्षभर दुसरं करमणुकीचं साधन लागलं नसतं.

उरला रविवार. रविवारी साडेनऊ ते अकरा अख्खं गाव चर्चमध्ये असायचं. किल्ल्याच्या मागच्या अंगाला, रानाकडे तोंड करून, खिडकीपासून बुरुजाच्या आकड्यापर्यंत एक दोरी होती. बाई नऊला झेंडा चढवत, सव्वानऊला चड्डी अडकवत आणि साडेनऊला चर्चच्या पहिल्या बाकावर हात जोडून बसलेल्या असत. पाद्री डेगेन प्रवचन देताना त्यांचे डोळे सारखे उंच खिडकीतून आकाशाकडे लागलेले. पाद्रीबाबा दोन-तीनदा जाहीर बोलले होते, "देवाकडे कसं पाहावं ते गुटब्रोटबाईंकडून शिका." बाई ढग बघत असत.

हे असंच चालायचं. पण एक दिवस मेयरसाहेब धापा टाकत किल्ला चढून आले. हातात राजधानीहून आलेलं पत्र.

"गुटब्रोटबाई! आपला किल्ला टपालाच्या तिकिटावर येतोय! चाळीस फेनिगच्या!"

"कुणाला विचारून?" बाई म्हणाल्या.

"अहो, मान आहे हा! देशभर जाईल आपला किल्ला. घरोघर!"

"आणि लोक त्याला मागून चाटणार."

पण मनातून त्याही हरखल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी तळघराचे दिवे चालू ठेवून पाहुण्यांना दहा मिनिटं जास्त दिली. खाली गावात तर दिवाळी. पलीकडच्या ओबरडोलेन गावाशी उंटरडोलेनचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं; त्यांच्याकडे पोहण्याचा तलाव झाला होता तेव्हापासून इकडची मंडळी मान खाली घालून फिरत होती. आता पोहा म्हणावं.

तिकिटाचा नमुना आला तेव्हा मात्र गावाचं तोंड कडू झालं. चित्र किल्ल्याच्या मागच्या बाजूचं होतं. राजधानीचा छायाचित्रकार गावात न येता परस्पर रानातल्या टेकडीवर गेला आणि तिथून फोटो काढून परतला.

"आमच्या किल्ल्याची पाठ!" मेयरसाहेब म्हणाले. "कुणी माणसाचा फोटो पाठीकडून काढतं का?"

"माणूस कोण आहे, त्यावर ते अवलंबून असतं," कुणीतरी म्हणालं. मेयरसाहेबांनी तिकडे पाहिलं नाही.

बाईंनी तो नमुना डोळ्यांजवळ नेला. मागची बाजू म्हणजे दोरीची बाजू. पण तिकीट केवढं, दोन बोटांएवढं. त्यात किल्ला अंगठ्याच्या नखाएवढा. दोरी कुठली दिसतेय, म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

त्यांच्या दुर्दैवानं गावात ऑयगेन त्सायझर होते. त्सायझरसाहेब निवृत्त स्टेशनमास्तर, विधुर, देहानं ऐसपैस, आणि सात सभासदांच्या तिकीट-संग्राहक मंडळाचे अध्यक्ष. तिकिटाला त्यांनी चाळीस वर्षांत बोट लावलं नव्हतं, फक्त चिमटा. ते एका दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात आले, चिमट्यानं तिकीट मेजावर ठेवलं, त्यावर जाडजूड भिंग धरलं आणि कुजबुजले, "बघा."

बाईंनी बघितलं. किल्ला. बुरुज. बुरुजावर मंडळाचा झेंडा. आणि त्याच्याखाली, बुरुज आणि खिडकी यांच्या मधोमध, वाऱ्यानं फुगलेली, दोन्ही पाय ऐटीत फेकून, गोटहिल्फची चड्डी.

ज्या कारागिरानं ते चित्र पोलादावर कोरलं तो भलताच प्रामाणिक असला पाहिजे. फोटोत जे होतं ते त्यानं सोडलं नव्हतं. कमरेची चार बटणं चार ठिपक्यांत दिली होती. डाव्या गुडघ्याच्या ठिगळावर चौकटीसुद्धा काढल्या होत्या. दुसऱ्या कुठल्या देशात असता तर एखाद्या आळशी माणसानं तो डाग समजून उडवला असता. बाईंनी मनातल्या मनात पहिल्यांदाच आळशी माणसाची तरफदारी केली.

"दिसलं ना?" त्सायझरसाहेबांचा श्वास भिंगावर धुकं उठवत होता.

"काय?" बाईंची पाचावर धारण बसली होती.

"निशाण! दोन शेपट्यांचं! सरदारांचं जुनं युद्धाचं निशाण! या कोरणाऱ्या लोकांचा अभ्यास दांडगा असतो, गुटब्रोटबाई. त्याला कुठल्यातरी जुन्या दप्तरात सापडलं असणार. हे चार ठिपके म्हणजे चार तारे. आणि खाली हे चौकटीचं, ही सरदाराची खूण! आपल्याला सातशे वर्षांत कुणाला पत्ता नाही!"

"हो," बाई म्हणाल्या. "निशाणच ते."

आयुष्यात एवढ्या झटक्यात त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या. बोलल्यावर त्यांनी त्सायझरसाहेबांना सफरचंदाचा केक वाढला, तोही दुसऱ्यांदा, आणि तिथंच चूक झाली. केक खाऊन माणसाला हुरूप येतो. आठवडाभरात जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्सायझरसाहेबांचा लेख आला: 'डोलेनबुर्गचं विसरलेलं निशाण'. पंधरा दिवसांत मेयरसाहेबांनी ठराव मांडला, की तिकीट निघेल त्या शनिवारी किल्ल्याच्या चौकात समारंभ करायचा, टपालाचं मेज मांडून पहिल्या दिवसाचा शिक्का मारायचा, गावचा बॅंड लावायचा आणि बुरुजावर दोन शेपट्यांचं निशाण चढवायचं. चार मीटर लांबीचं.

"कोण शिवणार?" कुणीतरी विचारलं.

गावात शिवणारी एकच होती. लोरे हाग.

आता लोरेबद्दल सांगायला हवं. चाळिशीची, कमी बोलणारी, दात घट्ट मिटून टाचण्या धरायची सवय. चौदा वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ तीन महिन्यांचं असताना त्याला जुलाब लागले होते. आठवडाभर पावसानं झोडपलेलं. घरात एक कोरडा लंगोट नाही. रविवारी ऊन पडलं आणि तिनं मागच्या अंगणात सहा लंगोट वाळत घातले. चर्चहून परतताना गुटब्रोटबाईंनी ते पाहिले. लोरे दुपारी लंगोट काढायला गेली तेव्हा पहिल्याच लंगोटाला, तिच्याच चिमट्यानं, तपकिरी चिठ्ठी लावलेली होती: 'रविवार देवाचा आहे. लंगोट सोमवारीही वाळतात. ओटिली गुटब्रोट.'

तेव्हापासून लोरे बाईंशी बोलली नव्हती. रस्त्यात भेटली तर मान हलवायची, तीही गावच्या रीतीला धरून. बाईंना ते आपल्या शिस्तीचं फळ वाटायचं.

समारंभाच्या तीन आठवडे आधी लोरे गळ्यात टेप अडकवून किल्ल्यावर आली. त्सायझरसाहेबांनी चित्राची मोठी करून घेतलेली प्रत तिनं मेजावर उलगडली. एवढ्या मोठ्या आकारात तर कुठलंच निशाण वगैरे उरलं नव्हतं. बाईंनी खिडकी लावली.

"काही विचारायचं होतं, गुटब्रोटबाई."

"विचारा."

"कमर किती ठेवू?"

बाईंनी खिडकीची कडी पुन्हा तपासली.

"ठिगळ डाव्याच पायाला ना? आणि बटणं शिवू, की तारे म्हणून नुसते रंगवू?"

"हागबाई," बाई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "तुम्हाला कळलंय."

"वीस वर्षं मी गावाच्या चड्ड्या रफू करते. दोन पाय ओळखता येतात मला." लोरेनं प्रतीवर बोट ठेवलं, चड्डीच्या वर. "आणि हा मंडळाचा झेंडा. हा कोणत्या वारी चढतो, तेही गावात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त अजून कुणी दोन्हीकडे एकदम बघितलं नाही."

"तुम्ही लोकांना काय सांगणार आहात?"

लोरेनं टेप गुंडाळला. "मी शिवणकाम करते, गुटब्रोटबाई. चिठ्ठ्या लिहीत नाही."

ती गेली आणि बाई मेजापाशी तशाच बसून राहिल्या. माफी मागायची तर आत्ताच मागायला हवी होती, हे त्यांना कळत होतं. जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज येत होता तोवर हाक मारता आली असती. पण दुसऱ्याचं चुकलं हे सांगायला त्यांच्या तोंडाला आयुष्यभराची सवय. आपलं चुकलं म्हणायला जीभ कुठे ठेवायची तेच त्यांना कळेना. आणि त्या तीन आठवड्यांत त्यांना गावातली जी जी माणसं आठवली, त्यांच्या खिशात एकेक तपकिरी चिठ्ठी होती. ही चड्डी एकदा ओळखली गेली की त्या सगळ्या चिठ्ठ्या परत येणार होत्या. बाईंकडे दुसरी काही इस्टेट नव्हती. नाव होतं, तेवढंच.

त्या आठवड्यांत त्यांनी चड्डी घातलीच नाही. सर्दी झाली.

शनिवार उजाडला तो ढगाळ. चौकात टपालाचं मेज, त्यामागे शिक्केवाला. दूरदूरून आलेले पंचवीस-तीस संग्राहक, प्रत्येकाच्या हातात चिमटा, रांगेत कुणी ढकलाढकल करत नव्हतं पण एकमेकांच्या पाकिटांकडे फार वाईट नजरेनं बघत होतं. ओबरडोलेनची माणसंही आली होती, पाव आणि सॉसेज खायला. बॅंड. मेयरसाहेब. पाद्री डेगेन. लोरे मागे, दाराशी, हाताची घडी घालून. बाई पुढे, काळ्या पोशाखात, नाकाला रुमाल.

त्सायझरसाहेबांनी भाषण केलं. सरदार, वेढा, इमान, दोन शेपट्या. "या निशाणाखाली," ते म्हणाले, "आपले पूर्वज निर्भयपणे उभे राहिले!" मग त्यांनी हात वर केला, बॅंड सुरू झाला, टोप्या उतरल्या आणि निशाण दोरीवरून वर सरकू लागलं.

लोरेचं शिवणकाम चोख होतं. हाती घेतलेली गोष्ट ती अर्धवट करत नसे. वर पोचेपर्यंत निशाण मुकाट लोंबत होतं. वर पोचलं आणि कड्यावरून वारा आला. आधी कमर फुगली. मग उजवा पाय फुगला. मग डावा पाय, ठिगळासकट. चार मीटर लांबीची एक लोकरी चड्डी उंटरडोलेन गावावर आडवी होऊन जोरजोरात पाय झाडू लागली.

बॅंडमधला तुतारीवाला आधी थांबला. मग एकेक करून सगळे. ढोलवाल्याला मान वर करायची सवय नव्हती, तो बराच वेळ एकटाच वाजवत राहिला.

"ही तर..." मेयरसाहेब म्हणाले. टोपी परत घालावी की नाही हे त्यांना कळेना.

"चड्डी!" ओबरडोलेनच्या बाजूनं कुणीतरी आनंदानं ओरडलं. तोवर संग्राहकांनी खिशांतून भिंगं काढली होती. तीस माणसं तिकिटावर वाकली, तीस माणसांनी मान वर केली.

"आणि मूळ चित्रात ही दोरीवर आहे!" एकजण म्हणाला.

"वर झेंडा आहे! म्हणजे रविवारी!" गावातल्या कुणाला तरी दोन्हीकडे एकदम बघायचं अखेर सुचलं.

"रविवारी? किल्ल्यावर?"

"आणि पुरुषाची!"

हा शेवटचा शब्द सगळ्या चौकात फिरला आणि बाईंपाशी येऊन उभा राहिला. किल्ल्यावर राहणारी बाई एकच होती. अकरा वर्षांची विधवा. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. लोरे दारापाशी तशीच उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती बोलणार नाही हे त्यांना दिसलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटली.

तेवढ्यात त्सायझरसाहेब पुढे आले. त्यांचा सगळा चेहरा लाल झाला होता. चाळीस वर्षांच्या संग्रहाची अब्रू त्यांच्या डोक्यावर पाय झाडत होती, पण माणूस जातीचा भला. त्यांनी छाती काढली, बाईंच्या आणि गावाच्या मधे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले:

"माझी आहे!"

एका संग्राहकाच्या हातून चिमटा पडला.

"ही चड्डी माझी आहे," त्सायझरसाहेब म्हणाले. "बाईंना बोल लावू नका. जो काही दोष असेल तो माझा."

आता गावानं ज्या नजरेनं बाईंकडे पाहिलं ती सोसण्यापेक्षा कड्यावरून उडी बरी. आगीतून फुफाट्यात म्हणजे काय ते बाईंना त्या क्षणी कळलं. पण त्यांना राग आला तो त्याचा नाहीच. त्यांनी नाकावरचा रुमाल काढला.

"तुमची?" त्या म्हणाल्या. "त्सायझरसाहेब, तुमची? ती तुमच्या मांडीला तरी होईल का?"

"मी तेव्हा... बारीक होतो," ते पुटपुटले.

"तुम्ही जन्मात कधी बारीक नव्हतात! ती माझ्या गोटहिल्फची आहे! त्याचा शर्ट फाडून मी ठिगळ लावलंय तिला. अकरा वर्षं मी ती घालते. हो, मी! या किल्ल्यात या एकदा जानेवारीत, म्हणजे कळेल. शनिवारी धुते आणि रविवारी वाळत घालते, तुम्ही सगळे चर्चमध्ये असता तेव्हा. अकरा वर्षं. आणि तिला दुसऱ्या कुणाची म्हणायचं नाही!"

एवढं बोलून त्यांना शिंक आली. ती इतकी मोठी होती की बुरुजावरचे डोमकावळे उडाले.

"गुटब्रोटबाई," पाद्री डेगेन अगदी हळू म्हणाले, "म्हणजे प्रवचनाच्या वेळी तुम्ही खिडकीतून वर..."

"पाऊस येतोय का ते बघत होते, पाद्रीबाबा."

"अकरा वर्षं?"

"तुमची प्रवचनं लांब असतात."

आधी मेयरसाहेब हसले. मग शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि तो त्यांचाच होता. मग चौक हसला, उंटरडोलेन आणि ओबरडोलेन दोन्ही, कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी. संग्राहक हसले नाहीत, ते धावले. एका मिनिटात टपालाच्या मेजावर ढकलाढकल सुरू झाली आणि चाळीस फेनिगच्या चड्डीच्या तिकिटांचे शेवटचे ताव संपले. मग पाऊस आला आणि सगळे पांगले. निशाण तसंच वर भिजत राहिलं.

बाई मात्र हसल्या नाहीत. सगळं बोलून झालं होतं, एक सोडून. त्या गर्दीत लोरेला शोधत होत्या. ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. लख्ख ऊन. बाईंनी भिजलेलं निशाण उतरवून बुरुजाच्या पायऱ्यांवर ठेवलं आणि नऊला झेंडा चढवला. सव्वानऊला त्या मागच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. बादलीत पिळलेली चड्डी, तीन आठवडे पडून वास लागला म्हणून रात्री धुतलेली. समोरच्या रानातल्या टेकडीवर काहीतरी चकाकलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं तर दहा-बारा संग्राहक, मुक्कामाला राहिलेले, कॅमेरे रोखून वाट बघत होते. चर्चची घंटा सुरू झाली. खाली जायचं तर गावाला तोंड दाखवायचं. वर राहायचं तर ही बादली. बाईंना दोन्ही धड जमेना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. लोरे आली. रविवारचा चांगला पोशाख, पण काखेत टोपली, आणि टोपलीत बुरुजावरून उतरवलेलं चार मीटर ओलं कापड.

"हे भिजलंय," ती म्हणाली. "उद्यापर्यंत ठेवलं तर बुरशी येईल. लोकर आहे. तुमच्या दोरीवर जागा आहे का?"

"आज रविवार आहे," बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग त्यांचं तोंड आपोआप मिटलं.

लोरेनं टोपली दुसऱ्या काखेत घेतली.

बाईंनी एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. "हागबाई, मी... त्या वेळी तुमच्या लंगोटांना..." जीभ अडली. एकसष्ट वर्षांची सवय. मग त्यांनी सरळ हात पुढे केला. "मी ओटिली."

मोठ्या वयाच्या माणसानंच आधी हात पुढे करायचा आणि नाव सांगायचं, म्हणजे त्यापुढे 'तुम्ही' संपतं, ही त्या मुलखाची रीत. बाईंनी हा हात गेल्या वीस वर्षांत कुणापुढे केला नव्हता.

लोरेनं हाताकडे बघितलं. घाई केली नाही. मग टोपली खाली ठेवली आणि हात धरला. "मी लोरे."

"माझं चुकलं, लोरे. फार चुकलं. बाळ आजारी होतं ना?"

"होतं. आता तो ओबरडोलेनच्या तलावात पोहतो. कुणाला सांगू नकोस."

दोघींनी मिळून निशाण दोरीवर टाकलं. दोरी इतकी वाकली की बाईंना आकडा पुन्हा घट्ट करावा लागला. शेजारी गोटहिल्फची चड्डी लावली. ती त्या निशाणाच्या लेकरासारखी दिसत होती. टेकडीवरून खट् खट् आवाज यायला लागले.

"केस तरी नीट कर," लोरे म्हणाली. "यांचा नेम नाही, पुढच्या तिकिटावर आपणच असू."

मग तिनं खिशातून काहीतरी काढलं. घडी घातलेला तपकिरी कागद. तो उघडून तिनं दोन्ही चड्ड्यांच्या मधे धरला आणि चिमटा लावला. बाईंना आपलं अक्षर लांबूनही ओळखू आलं. पेन्सिल जागोजागी फिसकटली होती, 'देवाचा' हा शब्द तर वाचताच येत नव्हता, आणि कागद चुरमुरून गेला होता.

"हे कशाला वाळत घालतेस?" बाईंनी विचारलं.

"भिजलं होतं," लोरे म्हणाली. "त्याच दुपारी. ऊन होतं, तरीही. वाळवायचं राहून गेलं."

खालून प्रार्थनेचे सूर येऊ लागले होते. बाईंनी एप्रनच्या खिशातून आणखी एक चिमटा काढला आणि कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून दुसऱ्या टोकाला लावला.